रात्रभर स्वप्नं, सकाळी अंग जड

पत्र थोडक्यात : पत्र लिहिणाऱ्या बाई ४६ वर्षांच्या आहेत. राहायला कल्याणला, नोकरी मुंबईत फोर्टमधल्या एका खासगी कार्यालयात, आठवड्याचे सहा दिवस. घरी नवरा, सासूबाई आणि बारावीतला मुलगा. पहाटे नळाला पाणी येतं म्हणून साडेचार, चार चाळीस आणि चार पन्नास असे तीन गजर; रात्री पाठ टेकते ती साडेअकराला. गेले चार-पाच महिने ठसठशीत, लांबलचक स्वप्नं पडतात : लोकल सुटतेय आणि पाय उचलत नाही, परीक्षेला बसलंय पण पेपर भलत्याच विषयाचा, तीन वर्षांपूर्वी गेलेली आई स्वयंपाकघरात उभी. सकाळी रात्रभर राबल्यासारखं वाटतं, डोकं जड असतं, गाडीत पेंग येते. रविवारी नऊपर्यंत झोपलं तरी थकवा जात नाही, उलट त्या दिवशी स्वप्नं जास्तच. मायग्रेनसाठी सहा महिन्यांपूर्वी प्रोप्रानोलॉल सुरू झालं आहे, रोज रात्री एक गोळी. हल्ली घोरतेस, असं नवरा म्हणतो; दमल्यावर सगळेच घोरतात, असं बाईंना वाटतं. मनगटावरचं घड्याळ रेम झोप, म्हणजे स्वप्नांच्या टप्प्यातली झोप, कमी दाखवतं. पहाटेची स्वप्नं खरी होतात, एखादी शांत करून घे, असं मावशींचं म्हणणं. झोपेची अर्धी गोळी घे, असा मैत्रिणीचा सल्ला. बाईंचा प्रश्न एवढाच, की ही स्वप्नं बंद कशी करायची?

उत्तर : ताई, स्वप्नं बंद करता येत नाहीत, आणि त्या भानगडीत पडूही नका.

तुमचं सगळं पत्र एक गोष्ट गृहीत धरून लिहिलेलं आहे : स्वप्नं पडतात म्हणून थकवा येतो. ती आधी तपासून बघू. झोप साधारण ९० मिनिटांच्या फेऱ्यांनी चालते. प्रत्येक फेरीत हलकी झोप, मग गाढ झोप आणि शेवटी रेम झोप. बंद पापण्यांआड बुबुळं भराभर हलत असतात ती ही रेम. १९५३ साली शिकागो विद्यापीठातल्या युजीन असेरिन्स्की आणि नथॅनिएल क्लाइटमन यांनी तिची पहिली नोंद प्रसिद्ध केली. या टप्प्यात माणसाला उठवलं तर तो बहुतेक वेळा एखादं स्वप्न सांगतो. मोठ्या माणसाच्या झोपेचा २० ते २५ टक्के भाग रेमचा असतो. ‘मला बाई स्वप्नंच पडत नाहीत’ असं म्हणणाऱ्या तुमच्या मैत्रिणीलाही रोज तास-दीड तास ती पडतातच. तिला ती आठवत नाहीत, इतकंच.

आठवण्याचं गणित जाग येण्याशी आहे. स्वप्न चालू असताना किंवा संपता संपता जाग आली तरच ते टिकतं. झोप तशीच पुढे सरकली तर पुसलं जातं. फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या संशोधकांना असं आढळलं, की ज्यांना रोज स्वप्नं आठवतात त्यांची रात्रीतली एकूण जाग, ज्यांना क्वचित आठवतात त्यांच्या जवळपास दुप्पट असते. यातली बरीचशी जाग एक-दोन मिनिटांची असते. ती सकाळी लक्षात राहत नाही, स्वप्न मात्र राहतं. तुम्हाला एका रात्रीत तीन-चार स्वप्नं तपशिलासकट सांगता येत असतील, तर त्या रात्री झोप निदान तितक्या वेळा तरी मोडली आहे. थकवा त्या मोडण्याचा आहे.

म्हणून माझ्या दृष्टीने खरा प्रश्न असा की तुम्हाला कोण उठवतंय? तुमच्याच पत्रात तीन संशयित सापडतात आणि एक पत्राबाहेरचा.

पहिला संशयित साधा आहे. साडेअकरा ते साडेचार म्हणजे पाच तास. सहा रात्रींचे ३०, शनिवारी रात्रीचे साडेनऊ, मिळून आठवड्याची झोप साडेएकोणचाळीस तास. तुमच्या वयाला दिवसाला किमान सात, म्हणजे आठवड्याला ४९ तास लागतात. साडेनऊ तासांचा तुटवडा, दर आठवड्याला. त्यातही काटछाट नेमकी कुठे होते ते बघा. पहिल्या फेरीत रेम पाच-दहा मिनिटांची असते, पहाटेच्या फेरीत ती अर्ध्या-पाऊण तासावर जाते. आपण जिला साखरझोप म्हणतो ती बरीचशी हीच, आणि तुमचा पहिला गजर बहुधा तिच्या मधोमध वाजतो. तो बंद करून पुन्हा डोळा लागतो तेव्हा उपाशी मेंदू थेट रेममध्ये घसरू शकतो. चार चाळीसला परत खेचून काढला जातो. दहा मिनिटांत गाडी चुकण्याचं अख्खं नाटक पडतं ते यामुळे. तीन गजरांनी वीस मिनिटं झोप मिळते असं वाटतं. प्रत्यक्षात पदरात पडतात ते तीन दचके.

रविवारचं कोडंही इथेच सुटतं. आठवडाभर कापलेली रेम शरीर संधी मिळताच वसूल करतं, नेहमीपेक्षा जास्त आणि जास्त जोरकस. शनिवारी रात्री ती संधी मिळते. सात ते नऊच्या दरम्यान, उजेडात, घरातल्या भांड्यांच्या आवाजात तुम्ही पुन्हा पुन्हा अर्धवट जाग्या होत असता, म्हणून स्वप्नं आठवतातही जास्त. वर, उठण्याची वेळ साडेचार तासांनी पुढे ढकलली की रविवारी रात्री लवकर झोप लागत नाही आणि सोमवार वाईट जातो. मायग्रेन असणाऱ्यांना तर अशी उशिरापर्यंतची झोप स्वतःच डोकेदुखीला आमंत्रण ठरू शकते. तुमची डोकेदुखी रविवारी दुपारी जास्त येते का, हे एकदा कॅलेंडरवर खुणा करून बघा.

मावशींच्या बोलण्यातलं निरीक्षण बरोबर आहे. पहाटेची स्वप्नं वेगळी असतात : लांब, भावनेने भरलेली, आणि लगेच उठायचं असल्याने लक्षात राहणारी. इतकी स्वप्नं लक्षात राहिली की त्यातलं एखादं कशाशी तरी जुळणारच. पुढचं भाकीत मात्र सोडून द्या. शांत केल्याने मनाला बरं वाटणार असेल तर जरूर करा, फक्त त्यासाठी पहाटे तीनला उठू नका.

आता दुसरा संशयित. स्वप्नं चार-पाच महिन्यांपासून, गोळी सहा महिन्यांपासून : ही दोन वाक्यं तुमच्या पत्रात एकमेकांपासून बरीच लांब आहेत, ती शेजारी ठेवून वाचा. प्रोप्रानोलॉल चरबीत विरघळणारं असल्याने मेंदूपर्यंत सहज पोचतं, आणि रात्रीचं मेलाटोनिन (शरीराला झोपेची वेळ सांगणारं संप्रेरक) तयार करण्याचा जो संदेश मेंदूतल्या पिनियल ग्रंथीला मिळतो तो काही प्रमाणात अडवतं. ठसठशीत स्वप्नं, दुःस्वप्नं आणि तुटक झोप हे त्याचे माहीत असलेले दुष्परिणाम आहेत. सगळ्यांना होत नाहीत. तुम्हाला होत असतील का, हे ठरवण्याचा मार्ग डॉक्टरांमार्फत जातो.

गोळी स्वतःहून बंद करू नका. हे औषध एकदम सोडलं तर हृदयाचे ठोके आणि रक्तदाब उसळी घेऊ शकतात, आणि ज्यांना हृदयाचा त्रास आहे त्यांच्या ते जिवावर बेतू शकतं. ते हळूहळू उतरवावं लागतं. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. रात्रीची गोळी सकाळी घेतली तर चालेल का? मायग्रेन आता आटोक्यात असेल तर मात्रा कमी करता येईल का? आणि दोन्ही जमत नसेल तर मायग्रेन टाळण्यासाठी दुसऱ्या गटातलं औषध आहे का? जाताना गोळीची स्ट्रिप बरोबर न्या. ‘साधी’ आणि ‘एसआर’, म्हणजे सावकाश सुटणारी, यांचा हिशोब वेगळा असतो आणि नुसतं नाव सांगून तो कळत नाही.

इतर वाचकांनीही आपली गोळ्यांची डबी एकदा या नजरेने बघावी. नैराश्याची एसिटालोप्राम, सर्ट्रालिनसारखी औषधं (आणि त्यांची चुकलेली मात्रा तर हमखास), दमा-ॲलर्जीचं मॉन्टेलुकास्ट, सिगारेट सोडण्यासाठीचं व्हॅरेनिक्लिन आणि रात्रभर लावून ठेवलेला निकोटिनचा पॅच, पार्किन्सन्ससाठीचं लेव्होडोपा, विस्मरणासाठी रात्री दिलेलं डोनेपेझिल. मॉन्टेलुकास्टबद्दल तर अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये सर्वांत कडक पातळीचा इशारा दिला, त्यात झोप आणि मनःस्थितीवरचे परिणाम आहेत. लहान मुलांना हे औषध सर्रास दिलं जातं म्हणून पालकांनी हे लक्षात ठेवावं. झोपेसाठी म्हणून हल्ली चघळल्या जाणाऱ्या मेलाटोनिनच्या गोळ्यांनीही काहींची स्वप्नं गडद होतात. दारूचं वेगळंच आहे : ती पहिल्या निम्म्या रात्रीत रेम दाबते, उतरायला लागली की मागच्या निम्म्या रात्रीत रेम उसळून येते. ‘दोन पेग घेतले की मस्त झोप लागते, पण तीनला जाग येते’ ही तक्रार त्यातूनच येते.

तिसरा संशयित घोरणं. ‘दमल्यावर सगळेच घोरतात’ म्हणून तुम्ही पुढे गेला आहात. मी इथे थांबते. झोपेत श्वास अडकण्याच्या विकारात, म्हणजे स्लीप ॲप्नियात, घशाचा मार्ग मिटतो, निदान दहा सेकंद श्वास थांबतो किंवा उथळ होतो, रक्तातला प्राणवायू घसरतो आणि मेंदू क्षणभर जागा होऊन श्वास सुरू करतो. रेममध्ये शरीराचे बहुतेक स्नायू ढिले पडलेले असतात, घशाचेही, म्हणून अनेकांचा श्वास नेमका रेममध्येच जास्त अडकतो. जाग येते ती स्वप्नाच्या मध्यावर. बायकांमध्ये हा विकार बरेचदा ओळखला जात नाही, कारण त्या डॉक्टरांना घोरणं सांगत नाहीत. थकवा, सकाळची डोकेदुखी, झोप न लागणं सांगतात, आणि हातात लोहाच्या गोळ्या किंवा ताण कमी करण्याचा सल्ला घेऊन परत येतात. पाळी जाण्याच्या सुमारास धोका वाढतो. तुम्ही ४६ च्या आहात.

नवऱ्याला एक काम द्या. आठवड्यातल्या दोन रात्री, तुम्ही झोपल्यानंतर तासाभराने आणि पहाटे चारच्या सुमारास, दहा-दहा मिनिटं फोनवर आवाज रेकॉर्ड करायचा. सलग घोरण्यापेक्षा, घोरणं – शांतता – मग एकदम फुर्रकन श्वास ओढल्याचा आवाज, असा क्रम येतो का ते ऐका. शिवाय हे प्रश्न : मोठ्याने घोरता? दिवसा थकवा असतो? श्वास थांबलेला कुणी पाहिलाय? रक्तदाब आहे? वजन बरंच जास्त आहे? वय ५० च्या वर? गळ्याचा घेर ४० सेंटीमीटरहून जास्त? पुरुष आहात? आठपैकी तीन किंवा अधिक ‘हो’ आले तर तपासणी करावी. तुमचे दोन तर आताच आहेत. गळ्याचा घेर मोजायला शिवणकामाची टेप पुरते.

तपासणी दोन प्रकारची असते. घरी नेण्याच्या यंत्रात नाकाशी नळी, छातीला पट्टा आणि बोटाला प्राणवायू मोजणारी चिमटी असते. दवाखान्यात रात्रभर झोपून केलेल्या चाचणीत यांच्या जोडीला डोक्यावर, डोळ्यांजवळ आणि पायांवर तारा असतात, त्यामुळे झोपेचे टप्पेही कळतात. अहवालात दर तासाला श्वास किती वेळा अडकला तो आकडा बघायचा : ५ च्या खाली ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या पुढे तीव्र. एक खाच मात्र आहे. घरचं यंत्र बहुधा तुम्ही झोपला होतात की जाग्या, हे ओळखत नाही आणि जागेपणीचा वेळही भागाकारात धरतं, त्यामुळे आकडा कमी येऊ शकतो. लक्षणं ठळक असून घरची चाचणी ‘नॉर्मल’ आली तर तिथेच थांबू नका. छातीविकारतज्ज्ञ किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे यासाठी जाता येतं.

हे होईपर्यंत मैत्रिणीची अर्धी गोळी लांब ठेवा. मेडिकलमधून ‘हलकी’ म्हणून आणली जाणारी अल्प्राझोलामसारखी गोळी गाढ झोप कमी करते, घशाचे स्नायू आणखी सैल करते आणि काही आठवड्यांत तिची सवय लागू शकते. सोडताना स्वप्नं आणि निद्रानाश दोन्ही दामदुपटीने परततात. मग गोळीशिवाय झोप येतच नाही, असं वाटायला लागतं.

पत्राबाहेरचा संशयित रक्तात असू शकतो. थकव्यासाठी हिमोग्लोबिन, फेरिटिन, टीएसएच (थायरॉइडसाठी), बी-१२ आणि साखर एवढ्या तपासण्या करून घ्या. बायकांमध्ये हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी. पण हिमोग्लोबिन बरं असूनही साठ्यातलं लोह, म्हणजे फेरिटिन, तळाला गेलेलं असू शकतं, विशेषतः पाळीत जास्त रक्तस्राव होत असेल तर. संध्याकाळी आडवं झाल्यावर पायांत वळवळ होते, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही, उठून चाललं की बरं वाटतं, असं होत असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा. अशा वेळी फेरिटिन ७५ पर्यंत असलं तरी लोह द्यायचा विचार करतात. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर वाया जाते, मध्ये निदान तासभर जाऊ द्या. रात्री घाम फुटून जाग येत असेल तर तेही स्त्रीरोगतज्ज्ञांच्या कानावर घाला.

चहाचं लगे हात सांगते. कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. सातला घरी आल्यावर घेतलेल्या कपातलं निम्मं रात्री बाराला अंगात असतं. तुम्हाला झोप लागते, कारण तुम्ही दमलेल्या असता. पण ती पातळ लागते. शेवटचा चहा ऑफिसात तीनच्या आत.

आता कामाची गोष्ट. उद्यापासून चौदा दिवस एका वहीत झोपेची नोंद ठेवा. सकाळी, चहा पिता पिता, अंदाजाने. रात्री घड्याळ बघायचं नाही. अंथरुणावर कधी गेले, झोप अंदाजे कधी लागली, किती वेळा जाग आली आणि मिळून किती मिनिटं, शेवटची जाग कधी, उठले कधी. एक खूण स्वप्न आठवलं तर, एक डोकं दुखलं तर, आणि सकाळची तरतरी १ ते ५ मध्ये. स्वप्नाची गोष्ट लिहायची नाही. रोज उठून स्वप्न लिहून काढण्याने स्वप्नं आठवण्याचा सराव होतो, आणि तुम्हाला तो नको आहे.

अंथरुणावरच्या वेळातला किती वेळ झोपेत गेला, त्याचा हिशोब असा मांडा. समजा ११.२० ला आडव्या झालात, १२ ला झोप लागली, मध्ये ३५ मिनिटं जाग होती, ४.३० ला शेवटची जाग आली आणि ४.५० ला उठलात. अंथरुणावरचा वेळ ३३० मिनिटं. झोप २७० वजा ३५, म्हणजे २३५. दोनशे पस्तीसला तीनशे तीसने भागलं की ७१ टक्के. साधारणपणे ८५ च्या वर असलं की ठीक म्हणतात. पण जो माणूस पाचच तास झोपतो आणि दिवसभर पेंगतो, त्याचा आकडा ९० च्या वर असायला हवा. इतका दमलेला माणूस पडल्या पडल्या घोरायला लागतो. तुमचा आकडा ९० च्या वर आला तर मुख्य दुखणं वेळेच्या तुटवड्याचं, आणि उपाय घरात आहे. ८५ च्या खाली आला तर थकलेल्या शरीरालाही कुणीतरी झोपू देत नाहीये, आणि मग गोळी आणि श्वास यांचा तपास आधी. एक अपवाद : श्वास अडकण्यामुळे येणारी जाग इतकी छोटी असते की वहीत ती उमटतच नाही. आकडा छान, तास पुरेसे, तरीही थकवा, असं दिसलं तर श्वासाचीच शंका पक्की धरा.

तुटवडा भरायचा कसा? रविवारी भरपाई होत नाही हे तुम्ही अनुभवलंत. लोकलमधली डुलकी तात्पुरता उतारा आहे, उभ्याने तर तोही नाही. राहतात दोन टोकं, लवकर झोपणं आणि उशिरा उठणं. पत्र वाचताना मला खटकलं ते असं, की घरात चार माणसं आहेत आणि पाण्यासाठी उठणारं एकच. पाण्याला बऱ्यापैकी दाब असेल तर पिंपाऐवजी माळ्यावरच्या टाकीला बॉलकॉक बसवून घ्या. नळ रात्रीच उघडा ठेवायचा, टाकी भरली की पाणी आपोआप थांबतं. प्लंबरचं तासाभराचं काम आहे. तेवढा दाब नसेल तर आठवड्यातले तीन दिवस नवऱ्याने उठायचं. बारावीतल्या मुलाला यातून वगळावं, त्या वयात पहाटेची झोप फार मोलाची असते. पण रात्रीची भांडी आणि दुसऱ्या दिवशीची भाजी निवडणं त्याला जमण्यासारखं आहे. कणीक रात्री मळून फ्रिजमध्ये ठेवली, डब्याची भाजी चिरून ठेवली, तर पाच-सव्वापाचला उठून भागतं. हे सगळं साडेनऊच्या आत संपलं पाहिजे, नाहीतर सकाळचं काम रात्रीत घुसवल्यासारखं होईल आणि हाती काहीच लागणार नाही.

झोपायची वेळ एकदम तासभर अलीकडे आणू नका. साडेदहाला आडव्या व्हाल आणि साडेअकरापर्यंत छताकडे बघत बसाल. दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं : सव्वाअकरा, अकरा, पावणेअकरा, साडेदहा. दोन आठवड्यांत साडेदहा ते सव्वापाच, म्हणजे पावणेसात तास होतील. गजर एकच, पलंगापासून उठून जावं लागेल इतका लांब. रविवारी सहा-साडेसहाच्या पुढे झोपायचं नाही. दुपारी तीनच्या आत वीस-तीस मिनिटांची डुलकी चालेल. उकाड्याकडेही लक्ष द्या. रेममध्ये शरीराला स्वतःचं तापमान नीट सांभाळता येत नाही, म्हणून कोंदट खोलीत पहाटेची झोपच आधी मोडते. पंखा अंगावर येईल असा, सुती चादर, मच्छरदाणीचं कापड हवा जाऊ देणारं.

मध्यरात्री जाग आली आणि पंधरा-वीस मिनिटांत डोळा लागला नाही, असं वाटलं तर उठून बाहेरच्या खोलीत मंद दिव्यात बसा, झोप आली की परत या. फोन नको.

लोकलच्या स्वप्नासाठी एक वेगळा उपाय आहे. तेच ते छळणारं स्वप्न असेल तर जागेपणी त्याचा नवा शेवट रचून त्याचा सराव करायचा. बॅरी क्रॅकॉ या अमेरिकन डॉक्टरांनी या पद्धतीवर बरंच काम केलं आहे आणि वारंवार पडणाऱ्या दुःस्वप्नांसाठी ती आज पहिल्या पसंतीच्या उपायांत धरली जाते. दिवसाउजेडी, ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत म्हणा, स्वप्न चार-पाच ओळींत लिहा : मी पुलावर आहे, गाडी फलाटाला लागली आहे, पाय उचलत नाही, गाडी सुटते. मग कुठूनही बदला. बदल शहाणा किंवा खरा असायची गरज नाही, तुम्हाला पटला पाहिजे. गाडी सुटते, मी पुलाच्या कठड्याला टेकून उभी राहते, खालून वडापावचा वास येतो, मागची गाडी रिकामी येते आणि मला खिडकी मिळते. आता जुनं स्वप्न बाजूला ठेवायचं आणि नवंच रोज दहा ते वीस मिनिटं डोळे मिटून बघायचं : कठड्याचा गार स्पर्श, उद्घोषणेचा आवाज, खिडकीतून येणारं वारं. दोन-तीन आठवडे. चूक इथे होते : लोक जुनंच स्वप्न पुन्हा पुन्हा उगाळत बसतात. सुरुवात सर्वांत भयंकर स्वप्नापासूनही करू नये, मधल्या ताकदीचं घ्यावं. अपघात, मारहाण, अत्याचार अशा घडलेल्या गोष्टींची स्वप्नं असतील तर हे एकट्याने करू नका, मानसोपचारतज्ज्ञांच्या सोबतीने करा.

परीक्षेचं स्वप्न बहुतेकांना पडतं, ते सोडून द्या. आईच्या स्वप्नालाही हात लावायचं कारण मला दिसत नाही. त्याने त्रास होतो असं तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. फक्त यादीत ते बाकीच्यांबरोबर आलं आहे.

घड्याळ दोन आठवडे काढून ठेवा. ते हालचाल आणि नाडी यांवरून टप्प्यांचा अंदाज बांधतं, मेंदूच्या लहरी मोजत नाही. एकूण झोप ते बऱ्यापैकी सांगतं, रेमच्या मिनिटांवर मात्र काळजी करण्याइतका भरवसा ठेवू नये. आणि पाच तास झोपणाऱ्याची रेम कमीच असणार, त्यासाठी घड्याळ कशाला हवं?

काही लक्षणांना मात्र वाट बघणं नको. स्वप्नात प्रत्यक्ष लाथा-बुक्क्या मारणं, ओरडणं, पलंगावरून पडणं, विशेषतः पन्नाशीनंतर : रेममध्ये ढिले पडायला हवेत ते स्नायू पडत नाहीत, आणि काही जणांत ही पार्किन्सन्सची फार आधीची खूण असते, न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. हसताना किंवा रागात एकदम गुडघे लुळे पडणं आणि दिवसा झोपेचे झटके येणं. गाडी चालवताना डोळे मिटणं. हे होत असेल तर तपासणी होईपर्यंत चावी दुसऱ्याच्या हातात. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असणं, कशातच रस न वाटणं. जगणं नकोसं वाटण्याचे विचार आले तर दोन आठवडेही थांबू नका. यासाठी केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते आणि मराठीत बोलता येतं. जाग आली पण काही क्षण अंग हलवता येत नाही, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं, याला मात्र घाबरू नका. रेममधला तो ढिलेपणा जागेपणात किंचित सांडलेला असतो. एकटाच अनुभव असेल तर निरुपद्रवी, आणि पुरेशी झोप मिळू लागली की तो विरळ होतो.

क्रम असा ठेवा : वही उद्यापासून, गोळीबद्दल डॉक्टरांना फोन याच आठवड्यात, रेकॉर्डिंग शनिवार-रविवारी, बॉलकॉकची चौकशी जमेल तशी. डॉक्टरांकडे जाताना वही, स्ट्रिप आणि फोनमधलं रेकॉर्डिंग तिन्ही न्या. पाच मिनिटांच्या भेटीत ‘खूप स्वप्नं पडतात’ यापेक्षा ती तिन्ही जास्त बोलतील.

झोपेचे तास वाढवल्यावर पहिला आठवडा-दीड आठवडा स्वप्नं कमी न होता वाढतील. साचलेली रेम तेव्हा वसूल होत असते, शनिवारी रात्री होते तशीच, फक्त रोज. या टप्प्यावर बरेच जण ‘जास्त झोपलं की जास्त त्रास होतो’ असं ठरवून पुन्हा साडेअकरावर येतात. त्या दिवसांत स्वप्नांच्या खुणा मोजू नका, वहीतला १ ते ५ चा आकडा बघा. तो आधी सुधारतो.